अर्थपत्रकारितेच्या लेखात आफ्रिका राहून गेली

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या रविवारच्या करिअर पुरवणीत अर्थपत्रकारितेवर पानभर लेख आला. शेअर बाजाराचे अँकर, अर्थसंकल्पाच्या दिवशीची धावपळ, मुंबईतली इंग्रजी दैनिके, लंडन-न्यूयॉर्कच्या वृत्तसंस्था हे सगळे त्यात होते. आफ्रिकेचा मात्र उल्लेखही नव्हता. इतर शहरांतल्या वाचकाला ते खटकले नसेल, पण बडोद्याच्या वाचकाला खटकायला हवे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०८ साली स्थापन केलेल्या बँक ऑफ बडोदाने परदेशात पहिले पाऊल टाकले ते मोंबासा आणि कंपाला येथे, १९५३ साली. युगांडातली तिची उपकंपनी कंपालाच्या शेअर बाजारात २००२ पासून नोंदलेली आहे. मकरपुरा, वाघोडिया, सावली या पट्ट्यातून औषधे, ट्रान्सफॉर्मर, रसायने आफ्रिकेत जातात आणि त्यांचे पैसे लागोस, नैरोबी, लुसाका येथून यायचे असतात. ते वेळेवर येतील की अडकतील, याची चाहूल सर्वांत आधी तिथल्या अर्थपत्रकाराला लागते. हा पत्रकार घडतो कसा, नेमके काय करतो आणि त्याच्याकडून आपल्या मुलांनी काय शिकावे, हे लेखात यायला हवे होते. ते इथे मांडतो.

आधी कामाबद्दल. आफ्रिकेतल्या चांगल्या अर्थपत्रकाराची नजर एका गोष्टीवर पक्की बसलेली असते: एकाच वस्तूच्या दोन आकड्यांमधली फट. सरकारी भाव आणि बाजारभाव, विकणाऱ्या देशाचा आकडा आणि घेणाऱ्या देशाचा आकडा, मंत्र्यांचे भाषण आणि कर्जरोख्याचे माहितीपत्रक. जिथे फट दिसते तिथे तो थांबतो आणि तिचा फायदा कुणाच्या खिशात जातो ते शोधतो.

झिम्बाब्वेतले विलोगेट प्रकरण असेच उघडे पडले. १९८८-८९ साली बुलावायोच्या ‘क्रॉनिकल’ दैनिकाने, जेफ्री न्यारोटा संपादक असताना, लिहिले की विलोव्हेलच्या कारखान्यातल्या मोटारी मंत्री आणि बडे अधिकारी रांग मोडून नियंत्रित भावात घेतात आणि बाहेर कितीतरी चढ्या भावाने विकतात. मोटारींची टंचाई सगळ्या देशाला ठाऊक होती. बातमी होती ती दोन भावांमधल्या पैशांची. चौकशी आयोग बसला, मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. न्यारोटांना मात्र बढतीचे नाव देऊन संपादकपदावरून हलवण्यात आले.

हीच नजर आज नायजेरियाच्या चलनाला लावून पाहा, कारण बडोद्याच्या निर्यातदाराला तिथेच चटका बसला आहे. २०२३ च्या जूनपर्यंत अधिकृत दर डॉलरला सुमारे ४६० नायरा होता. लागोसच्या रस्त्यावर तोच डॉलर साडेसातशेच्या आसपास जात होता. डॉलर कागदावर स्वस्त होता, पण बँकेच्या खिडकीवर मिळत नव्हता. अशा वेळी फॉर्म एम (नायजेरियातला आयातीचा सरकारी अर्ज) भरलेला असतो, एलसी (बँकेचे हमीपत्र) उघडलेली असते, ग्राहकाने नायरा बँकेत जमाही केलेले असतात, आणि तरीही पैसे येत नाहीत, कारण त्याच्या बँकेला केंद्रीय बँकेकडून डॉलरच मिळत नाहीत. ग्राहक लबाड नसतो. कागदही चोख असतात. फट वाढत चालली आहे हे वेळेवर कुणी सांगितलेले नसते, एवढेच.

लागोसच्या व्यापारी दैनिकांत मात्र ते छापून येत होते. एमिरेट्सने २०२२ च्या अखेरीस नायजेरियाची उड्डाणे थांबवली, कारण तिकीटविक्रीचे पैसे देशाबाहेर काढता येत नव्हते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये जीएसके या औषध कंपनीने तिथला गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. औषध पाठवणाऱ्या माणसाने या दोन्ही बातम्या कापून ठेवायच्या होत्या. आपल्याकडे पहिली ‘विमानवाहतूक’ म्हणून आली असेल आणि दुसरी ‘कॉर्पोरेट’ म्हणून. तिथला वार्ताहर दोन्ही एकाच मथळ्याखाली मांडतो: डॉलरची टंचाई.

१४ जून २०२३ ला नायराचा दर बाजारावर मोकळा सोडला गेला. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर डॉलरचा दर दीड हजारांच्या वर होता. बँकांना न मिळालेल्या डॉलरची मागची थकबाकी सुमारे ७ अब्जांची सांगितली जात होती. त्यातल्या २.४ अब्जांचे दावे ग्राह्य धरता येत नाहीत, असे केंद्रीय बँकेच्या गव्हर्नरांनी त्याच महिन्यात सांगितले. ज्याचे बिल थकले आहे त्याच्या दृष्टीने ही दुसरी ओळ पहिलीपेक्षा मोठी. दावा बाद का होतो, कोणते कागद कमी पडतात, आपला ग्राहक कोणत्या यादीत आहे, हे विचारायची तीच वेळ होती.

आकडे रुपयांत-डॉलरांत फिरवताना इथे किती घसरायला होते, त्याचाही नमुना देतो. नायजेरियाचा २०२३ चा अर्थसंकल्प २१.८३ ट्रिलियन नायरांचा होता, २०२४ चा सुमारे २८.८ ट्रिलियनचा. ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. ‘अर्थसंकल्प एकतृतीयांशाने वाढला’ हा मथळा गणिताने बरोबर आहे. पण ४६० च्या दराने पहिली रक्कम ४७ अब्ज डॉलर होते आणि दीड हजाराच्या दराने दुसरी १९ अब्ज. सरकारी रुग्णालयांना लागणारे औषध डॉलरमध्ये येते. म्हणजे बडोद्याच्या दृष्टीने खरेदीची ताकद निम्म्याहून खाली आली. चांगला वार्ताहर आणखी एक गोष्ट बघतो: अर्थसंकल्प मांडताना सरकारने कोणता दर गृहीत धरला होता? २०२४ साठी तो ८०० होता. प्रत्यक्ष दर आणि हा गृहीत दर यांतला फरक पहिल्या तिमाहीतच सांगतो की पुरवणी मागणी येणार.

आता असा माणूस घडतो कसा, ते पाहू. सरळ शिडी नाही. घानाचा कोमला ड्युमोर हे आफ्रिकेच्या अर्थपत्रकारितेतले बहुधा सर्वांत ओळखीचे नाव. तो अर्थशास्त्र शिकलेला नव्हता. घाना विद्यापीठातून समाजशास्त्र आणि मानसशास्त्रात पदवी, पुढे हार्वर्डच्या केनेडी स्कूलमधून लोकप्रशासनात पदव्युत्तर शिक्षण. नाव झाले ते अक्राच्या जॉय एफएमवरच्या सकाळच्या कार्यक्रमामुळे. पाण्याचे बिल, पेट्रोलचा भाव, सरकारी खर्च, असे विषय घेऊन समोर बसलेल्या मंत्र्याला किंवा अधिकाऱ्याला साध्या शब्दांत प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत तोच प्रश्न धरून ठेवायचा. २००३ मध्ये घाना पत्रकार संघाने त्याला वर्षातला सर्वोत्तम पत्रकार ठरवले. त्यानंतर बीबीसीची आफ्रिका सेवा, २००९ पासून ‘आफ्रिका बिझनेस रिपोर्ट’चा पहिला निवेदक, मग ‘फोकस ऑन आफ्रिका’. १८ जानेवारी २०१४ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, लंडनमध्ये त्याचे निधन झाले. बीबीसीने त्याच्या नावाने पुरस्कार सुरू केला. २०१६ मध्ये तो नायजेरियाच्या दीदी अकिन्येलुरे यांना मिळाला, त्या वित्तक्षेत्रातली नोकरी करून मग पत्रकारितेत आल्या. म्हणजे बँकेतून बातमीकडे येणारी वाटही आहे, आणि बडोद्यासारख्या बँकांच्या गावात तिचा विचार व्हायला हवा.

केनियाच्या लॅरी मॅडोवोची वाट तिसरी. आधी नैरोबीतली वृत्तवाहिनी, पुढे सीएनबीसी आफ्रिका ही अर्थवाहिनी, २०१८ मध्ये बीबीसीचा आफ्रिका व्यापार संपादक, मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थपत्रकारितेची नाइट-बॅजट फेलोशिप, पुढे सीएनएन. ही फेलोशिप वर्षभराची असते आणि ती अनुभवी पत्रकाराला मिळते, नवख्याला नाही. जोहान्सबर्गहून चालणारी सीएनबीसी आफ्रिका २००७ च्या जूनमध्ये सुरू झाली, त्याच वर्षी नैरोबीत ‘बिझनेस डेली’ निघाले. नायजेरियाचे ‘बिझनेस डे’ २००१ चे. याआधीही दक्षिण आफ्रिकेत ‘फायनान्शियल मेल’सारखी जुनी साप्ताहिके होतीच, पण बाकीच्या खंडात तरुण पोरांना फक्त अर्थविषयावर नोकरी मिळू लागली ती या दशकात. २०१४ पासून ब्लूमबर्गच्या पैशातून केनिया, नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या विद्यापीठांत पत्रकारांसाठी वित्तीय प्रशिक्षणाचे वर्ग निघाले. त्यातून ताळेबंद वाचता येणारे वार्ताहर बाहेर पडले, हे त्यांच्या कामात दिसते.

रोजच्या कामाचे नैरोबीचे उदाहरण घेऊ. केनियाची केंद्रीय बँक दर गुरुवारी सरकारी हुंड्यांचा (सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जपत्रांचा) लिलाव करते: ९१, १८२ आणि ३६४ दिवसांच्या. निकालात तीन रकमा असतात. सरकारने किती मागितले, लोकांनी किती देऊ केले, सरकारने किती घेतले. नवशिका फक्त व्याजदर लिहून मोकळा होतो. जाणता वार्ताहर आधी मुदतीकडे बघतो. लोक ९१ दिवसांच्या हुंडीवर तुटून पडत असतील आणि ३६४ दिवसांच्या हुंडीकडे फिरकत नसतील, तर त्यांना व्याज आणखी चढेल असे वाटते आहे, म्हणून ते पैसा लांब अडकवत नाहीत. आणि सरकार मागितलेल्या रकमेपेक्षा जास्त उचलत असेल तर तिजोरीत खडखडाट आहे, मग त्याच आठवड्यात मंत्री काहीही म्हणोत. तीन आकडे, एक परिच्छेद. पण तो लिहायला मागचे पाच-सहा लिलाव वहीत मांडलेले असावे लागतात.

कंपन्यांच्या बाबतीत नियम वार्ताहराच्या मदतीला असतात. नैरोबीत नोंदलेल्या कंपनीचा नफा २५ टक्के किंवा जास्त घटणार असेल तर तिला आधीच नफ्याचा इशारा द्यावा लागतो. जोहान्सबर्गला निकाल आधीच्या वर्षापेक्षा २० टक्के वर किंवा खाली जाणार असेल तर निवेदन काढावे लागते आणि ते शेअर बाजाराच्या ‘सेन्स’ या वृत्तसेवेवर सर्वांना एकाच वेळी दिसते. वृत्तसंस्थेतल्या नोकरीत पहिली दोन-तीन वर्षे हीच निवेदने झरझर वाचण्यात जातात. कंटाळवाणे काम आहे, पण नजर तिथेच तयार होते.

दक्षिण आफ्रिकेतला अर्थसंकल्पाचा दिवस तर प्रत्येक पत्रकारिता वर्गात समजावून सांगावा असा. पत्रकारांना सकाळी एका सभागृहात बंद करतात. फोन बाहेर, इंटरनेट नाही, हातात अर्थसंकल्पाचे सगळे ग्रंथ. दुपारी मंत्री बोलायला उभे राहिले की दार उघडते. त्या काही तासांत अनुभवी माणूस भाषण शेवटी वाचतो. आधी मागच्या वर्षीच्या पुस्तकातला तक्ता आणि यंदाचा तक्ता शेजारी ठेवतो. तीन वर्षांपुढचा अंदाज किती सरकला? व्याजावर किती जाणार? सरकारी कंपन्यांसाठी काय बाजूला काढले? २०२३ च्या फेब्रुवारीत एस्कॉम या वीज कंपनीचे २५४ अब्ज रँडचे कर्ज सरकार उचलणार, हे अशाच तक्त्यांतून तपशिलासकट मिळाले. ट्रान्सफॉर्मर विकणाऱ्याला या बातमीचे मोल वेगळे सांगायला नको.

कर्जरोख्यांची माहितीपत्रके हा या धंद्यातला सर्वांत कमी वापरला जाणारा खजिना आहे. देश परदेशात डॉलरचे रोखे विकतो तेव्हा गुंतवणूकदारांसाठी जाडजूड पुस्तक काढावे लागते आणि त्यात जोखमींचे प्रकरण असते. त्यात खोटे लिहिले तर लंडनच्या कोर्टात उत्तर द्यावे लागेल, या भीतीने सरकार तिथे अशी कबुली देते जी स्वतःच्या संसदेत दिलेली नसते: थकलेली बिले, सरकारी कंपन्यांच्या हम्या, चालू खटले, दुष्काळाची शक्यता. वाचण्याचा क्रम असा ठेवावा: आधी जोखमीचे प्रकरण, मग सार्वजनिक कर्जाचे, मग परकीय गंगाजळीचे, आणि शेवटी मुखपृष्ठावरचा सारांश. केनियाने २०२४ च्या फेब्रुवारीत दीड अब्ज डॉलरचे रोखे १०.३७५ टक्के परताव्याने विकले, कारण जूनमध्ये २ अब्जांचे जुने रोखे फेडायचे होते. पैसे मिळाले तसा केनियाचा शिलिंग डॉलरला १६० वरून दोनेक महिन्यांत १३० च्या आसपास आला. ज्या निर्यातदाराने जानेवारीत घाबरून ग्राहकाला मोठी सूट दिली, त्याला दोन महिने थांबणे परवडले असते. घाना आणि झांबियाच्या बाबतीत उलट घडले. झांबियाने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ४.२५ कोटी डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकवला. घानाने २०२२ च्या डिसेंबरात परदेशी कर्जफेड थांबवली, त्या महिन्यात महागाई ५४.१ टक्के होती.

आयात-निर्यातीचे आकडे दोन्ही बाजूंनी जुळवून पाहणे हे पुढचे कसब. केनियात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गोल्डनबर्ग प्रकरण झाले. सोने आणि हिरे निर्यात केल्याचे दाखवून एका कंपनीने सरकारकडून ३५ टक्के भरपाई उचलली. केनियात सोने नाममात्र, हिरे नाहीतच. केंद्रीय बँकेतल्या डेव्हिड मुन्याकेई या तरुण कर्मचाऱ्याने कागद बाहेर दिले, त्यात त्याची नोकरी गेली. असे धाडस प्रत्येक वेळी मिळत नाही, पण घेणाऱ्या देशाच्या नोंदी बघणे कुणालाही जमते. माल खरोखर गेला असेल तर तो कुठेतरी उतरला असला पाहिजे.

पद्धत सोपी आहे, फसायच्या जागाही ठरलेल्या. वस्तूचा सहा आकडी एचएस क्रमांक (सीमाशुल्कासाठीचा आंतरराष्ट्रीय वस्तुक्रमांक) घ्यावा, कारण सहा आकड्यांपर्यंत तो सगळ्या देशांत सारखा असतो, पुढचे आकडे प्रत्येक देशाचे वेगळे. तुरीसाठी तो ०७१३६० आहे. भारताच्या बाजूचे आकडे कोलकात्याच्या डीजीसीआयएस या केंद्र सरकारच्या व्यापार-सांख्यिकी कार्यालयाकडून, समोरच्या बाजूचे तिथल्या सांख्यिकी कार्यालयाकडून. मग आठवण ठेवावी की निर्यातीचा आकडा जहाजावर चढवल्याच्या किमतीत असतो आणि आयातीचा विमा-भाडे धरून, म्हणजे दहाएक टक्के तफावत निर्दोष असू शकते. डिसेंबरात निघालेला माल जानेवारीत उतरतो, तेव्हा वर्ष बदलते. युगांडाचा माल मोंबासा बंदरातून येतो आणि काही वेळा केनियाच्या नावावर चढतो. आर्थिक वर्षे तर चहूकडे वेगळी: केनिया, युगांडा, टांझानियाचे जुलै ते जून, नायजेरिया, घाना, झांबियाचे जानेवारी ते डिसेंबर, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारचे आपल्यासारखेच एप्रिल ते मार्च. हे सगळे वजा केल्यावरही फट उरली तर बातमी आहे.

जीडीपीच्या आकड्यांबाबत आपल्या पानांवर सर्रास गोंधळ दिसतो. २०१४ च्या एप्रिलमध्ये नायजेरियाने मोजणीचे आधारवर्ष १९९० वरून २०१० वर आणले आणि २०१३ चा जीडीपी सुमारे २७० अब्ज डॉलरवरून ५१० अब्जांवर गेला. कारण १९९० मध्ये मोबाइल नव्हते, चित्रपटधंदा मोजलाच जात नव्हता. घानाचा आकडाही २०१० च्या नोव्हेंबरमध्ये असाच ६० टक्क्यांनी फुगला. यात लबाडी नाही, उलट मोजणी सुधारली. पण एका रात्रीत कर्जाचे जीडीपीशी प्रमाण उतरते, सरकार म्हणते आणखी कर्ज पेलते. कर मात्र तेवढाच गोळा होत असतो आणि हप्ता करातून फेडायचा असतो. म्हणून तिथले जाणकार लेखक कर्जाची तुलना जीडीपीशी करत बसत नाहीत, सरकारी महसुलातला किती भाग व्याजात जातो ते लिहितात. आपल्या पानाने हा एक बदल केला तरी वाचकाचे भले होईल.

या कामाची किंमत मोजावी लागते, आणि ती लपवून करिअरचा लेख लिहू नये. मोझांबिकच्या कार्लोस कार्दोझो यांनी मापुतोमध्ये फॅक्सने वाटले जाणारे दैनिक चालवले. छापखाना नाही, वितरण नाही, वर्गणीदारांच्या फॅक्स यंत्रावर रोजची पाने. १९९६ मध्ये खासगीकरणाच्या तोंडावर असलेल्या एका मोठ्या बँकेतून सुमारे १.४ कोटी डॉलर कसे गेले, याचा ते पाठपुरावा करत होते. २२ नोव्हेंबर २००० रोजी त्यांना गोळ्या घालून मारले. सहा जणांना २००३ च्या जानेवारीत शिक्षा झाली. त्याच देशात पुढे २०१३-१४ मध्ये तीन सरकारी कंपन्यांनी संसदेला न विचारता सरकारी हमीवर सुमारे २ अब्ज डॉलर उचलले, एकीने दाखवलेले कारण ट्यूना मासेमारीच्या बोटी हे होते. बराचसा भाग २०१६ पर्यंत दडून राहिला. तो उघड होताच नाणेनिधीने मदत थांबवली, चलन कोसळले. लेखापरीक्षकांना ५० कोटी डॉलरचा हिशेब लागला नाही. तेव्हाचे अर्थमंत्री मॅन्युएल चँग यांना २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने दोषी ठरवले. आपली तूर ज्या नकाला बंदरातून येते त्या देशाची ही गोष्ट आहे.

आणि एक प्रकरण बडोद्याच्या फार जवळचे. २०१७ च्या मे-जूनपासून दक्षिण आफ्रिकेत ‘गुप्ता लीक्स’, म्हणजे तिथल्या गुप्ता या भारतीय वंशाच्या उद्योगपती कुटुंबाचे फुटलेले ईमेल, छापून येऊ लागले. अमाभुंगाने ही देणग्यांवर चालणारी शोधपत्रकारांची संस्था आणि ‘डेली मॅव्हरिक’ यांनी लाखाच्या वर ईमेल तपासले. सरकारी रेल्वे इंजिन खरेदीत १,०६४ इंजिनांची किंमत ३८.६ अब्ज रँडवरून ५४.५ अब्जांवर कशी गेली, मधल्या सल्लागार कंपन्यांना किती पोचले, हे एकेका बिलाला एकेक ईमेल लावून दाखवले. २०१६ मध्ये तिथल्या चार मोठ्या बँकांनी गुप्ता कुटुंबाच्या कंपन्यांची खाती बंद केली होती. त्यानंतर त्यांचे व्यवहार चालले ते प्रामुख्याने बँक ऑफ बडोदाच्या तिथल्या शाखेतून. २०१८ च्या मार्चअखेर बँकेने तो देश सोडला. रावपुऱ्यात, दांडिया बाजारात या बँकेचे निवृत्त कर्मचारी, भागधारक, ठेवीदार घरोघरी आहेत. मराठीत त्यांना या प्रकरणाचा सलग, खात्यांच्या हिशेबासह लिहिलेला वृत्तान्त वाचायला मिळायला हवा होता. जोहान्सबर्गच्या पत्रकारांनी तो इंग्रजीत कुणालाही वाचता येईल असा ठेवला होता.

पगाराविषयी थोडक्यात. बहुतेक देशांत तो कमी, काही ठिकाणी महिनोन्‌महिने थकणारा. पत्रकार परिषदेनंतर पाकीट देण्याची चाल आहे, घानात तिला ‘सोली’ म्हणतात. मोठे जाहिरातदार म्हणजे सरकार, बँका आणि दूरसंचार कंपन्या, ज्यांच्याविषयीच लिहायचे असते. म्हणून दहा-बारा वर्षांनी चांगली माणसे बँकांच्या जनसंपर्क विभागात जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जे टिकतात ते बहुधा वृत्तसंस्थेच्या नोकरीवर किंवा अमाभुंगानेसारख्या संस्थांच्या आधारावर. कायद्याची साथ देशागणिक वेगळी: नायजेरियाचा २०११ चा माहिती कायदा सात दिवसांत उत्तर मागतो, दक्षिण आफ्रिकेचा तीस दिवस देतो, केनियाने कायदा केला तो २०१६ मध्ये.

आपल्या मुलामुलींना काय सांगावे? वाणिज्य शाखेतली पदवी असेल तर ताळेबंद वाचता येतो, ही मोठी जमेची बाजू. त्यावर एक भाषा वाढवावी. मोझांबिकसाठी पोर्तुगीज, आबिदजान-डाकारसाठी फ्रेंच. तिथे आठ देशांचा मिळून एकच शेअर बाजार आहे आणि चलन युरोला ६५५.९५७ या दराने बांधलेले, त्यामुळे फट दरात दिसत नाही, पैसे उशिरा येण्यात दिसते. एक देश आणि एक वस्तू धरून वर्षभर वही ठेवावी: झांबिया आणि तांबे, घाना आणि कोको. घानात कोकोचा भाव सरकारी मंडळ हंगामाआधी ठरवते, ६४ किलोच्या पोत्याला. २०२४ मध्ये न्यूयॉर्कचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला आणि शेतकऱ्याच्या हाती त्याचा लहान हिस्सा पडला, कारण माल बराच आधी विकून झाला होता. पोती रात्रीतून सीमेपलीकडे जाऊ लागली. एवढी एक साखळी नीट समजली की बाकीच्या वस्तू समजायला वेळ लागत नाही.

आपल्या वृत्तपत्राकडे मागणे मोठे नाही. आफ्रिकेची अर्थवार्ता वृत्तसंस्थेकडून आली तर मूळ वार्ताहराचे नाव छापावे, कोणत्या दराने रुपये केले तो दर कंसात द्यावा, आणि ट्रिलियनचे लाख कोटी करताना चलन कोणते ते विसरू नये. सयाजीराव विद्यापीठात आयसीसीआरच्या (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या) शिष्यवृत्तीवर आफ्रिकेतले विद्यार्थी शिकतात. घरून पैसे मागवताना डॉलर कोणत्या भावाने मिळतो हे त्यांना नेमके ठाऊक असते, आपल्या वार्ताहराने त्यांच्याशी ओळख वाढवावी. आणि शनिवारच्या अर्थपानाच्या तळाशी चार ओळींची जागा ठेवावी: नैरोबीच्या गुरुवारच्या लिलावाचा निकाल, नायराचा अधिकृत आणि रस्त्यावरचा दर, रँडचा दर, तांब्याचा टनाचा भाव. प्रत्येकाशेजारी मागच्या आठवड्याचा आकडा असावा.

आपले,
निर्यात, बँकिंग व लेखापरीक्षण क्षेत्रांतील काही वाचक
दांडिया बाजार, बडोदा